नाकातली भरती-ओहोटी

काही वर्षांपूर्वी माझ्या नाकाची शस्त्रक्रिया ठरली होती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एक नाकपुडी बंद व्हायची. कूस बदलली की ती मोकळी व्हायची आणि दुसरी चोंदायची. ‘नाकाचं हाड वाढलंय’ हे निदान घरातल्या मंडळींनी डॉक्टरांच्या आधीच करून टाकले होते. पुढे स्कॅन झाला. फिल्मवर डाव्या बाजूची सूज माझ्यासारख्या अडाणी माणसालाही दिसत होती. तारीख मिळाली. त्याआधी दुसरे मत घ्यावे म्हणून मी एका वयस्कर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी फिल्म पाहिली, बाजूला ठेवली आणि विचारले, “बंद कुठली असते? डावी की उजवी?”

मला उत्तर देता येईना. कधी डावी, कधी उजवी.

“मग आठ दिवस लिहून ठेवा आणि या,” ते म्हणाले. “घरात स्टीलची ताटली आहे ना? तेवढी पुरे.”

ती कृती अशी. स्वच्छ पुसलेली, थंड ताटली नाकाखाली आडवी धरायची आणि तोंड मिटून नेहमीसारखा श्वास सोडायचा. ताटलीवर वाफेचे दोन ठसे उमटतात. बहुतेक वेळा ते सारखे नसतात. एक मोठा आणि रेंगाळणारा, दुसरा लहान आणि लगेच विरणारा. तीन-चार तासांनी पुन्हा पाहावे, तर पुष्कळदा मोठा ठसा बाजू बदलून बसलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेंड्रिक झ्वार्देमाकर या डच शरीरशास्त्रज्ञाने नाकातला वारा मोजण्यासाठी थंड आरसा वापरला होता. आपली ताटली म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ती.

आठ दिवसांत माझ्या वहीची पाने भरली आणि एक गोष्ट लक्षात आली. मी ज्याला आजार म्हणत होते, त्याचा बराचसा भाग दिवसाउजेडी, अगदी मजेत असतानाही माझ्या नाकात चाललेलाच होता. मला तो फक्त रात्री कळत होता. दोन नाकपुड्या आळीपाळीने मोकळ्या होतात आणि आळीपाळीने चोंदतात. हे निरोगी शरीराचे नित्यकर्म आहे. त्याचे शास्त्र काय, आपल्याकडे त्याचा विचार कसा झाला आणि त्या विचारातले काय टिकते, याचा शोध मी त्यानंतर घेत राहिले. हा लेख त्या शोधाचा आहे.

नाकाच्या आत

बाहेरून नाक म्हणजे दोन भोके असलेली एक पोकळी वाटते. आत मात्र मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बाहेरच्या भिंतीवरून शिंपल्यासारखी वळलेली तीन-तीन हाडे आडवी बसवलेली असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. हाड पातळ असते. त्याच्यावरचे अस्तर जाड आणि ओलसर असते. या अस्तरात शिरांचे असे जाळे असते की त्यात रक्त साठले की ते स्पंजासारखे फुगते आणि रक्त निघून गेले की आकसते. सर्वांत खालच्या टर्बिनेटचे पुढचे टोक नाकातल्या सर्वांत अरुंद जागेजवळच येते. त्यामुळे तिथे अस्तर थोडे जरी फुगले तरी वाऱ्याची वाट बरीच अडते.

आपण ‘हाड वाढलंय’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा हाड वाढलेले नसते. हे अस्तर फुगलेले असते. आणि आज फुगलेले अस्तर संध्याकाळी ओसरलेले असू शकते.

या शिरांची दोरी अनुकंपी चेतासंस्थेच्या हातात असते. धावताना छातीची धडधड वाढवणारी, घाबरल्यावर बाहुल्या विस्फारणारी हीच ती यंत्रणा. तिच्या तंतूंतून नाकाकडे सतत हलका संदेश जात असतो: ‘आकसून राहा.’ ज्या बाजूला हा संदेश जोरकस, ती बाजू मोकळी. ज्या बाजूला तो क्षीण, ती चोंदलेली. मानेतल्या एका गुच्छातून हे तंतू जातात. एखाद्या रुग्णाच्या हातातील वेदना थांबवण्यासाठी डॉक्टर त्या गुच्छाला सुई देऊन तो बधिर करतात, तेव्हा त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. सुई योग्य जागी लागल्याची ती एक खूणच मानली जाते.

डावीकडचा आणि उजवीकडचा संदेश एकाच वेळी वाढत-घटत नाही. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. हा लंबक मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या देठाच्या परिसरातून हलतो, असे मानले जाते. त्याचा एक बोलका पुरावा आहे. कर्करोगामुळे ज्यांचे स्वरयंत्र काढावे लागते, ती माणसे गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात. त्यांच्या नाकातून वारा जातच नाही. तरीही त्यांच्या नाकपुड्यांची अदलाबदल चालू राहिल्याचे मोजमापात दिसले आहे. वारा थांबला तरी वाऱ्यासाठी केलेली व्यवस्था आपले काम करीत राहते.

आपल्याला हे कळत का नाही? कारण एक वाट अरुंद होते त्याच प्रमाणात दुसरी रुंद होते आणि दोन्ही मिळून होणारा अडथळा जवळजवळ तेवढाच राहतो. फुप्फुसाला हवा पुरेशी मिळते, म्हणून तक्रार उमटत नाही. सर्दी झाली की दोन्ही बाजूंचे अस्तर मुळातच सुजते आणि या चढउताराचा झोका मोठा होतो. मग पाळी नसलेली बाजू पुरती बंद होते. त्या वेळी आपल्याला वाटते, की सर्दी या नाकपुडीतून त्या नाकपुडीत गेली. उलट, जिने भरभर चढलो किंवा धावलो की अनुकंपी संस्था दोन्ही बाजूंना एकदम हाक देते आणि काही वेळापुरत्या दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होतात.

घड्याळ आहे, पण नेमके नाही

युरोपीय वैद्यकात या अदलाबदलीचे पहिले पद्धतशीर वर्णन रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ साली केले. १९२७ मध्ये हीटडर्क्स या संशोधकाने ६० माणसांची नाके पुन्हा पुन्हा तपासून पाहिली आणि सुमारे ८० टक्के लोकांत हे चक्र आढळल्याचे लिहिले. पाठ्यपुस्तकांत अनेक दशके हाच आकडा फिरत राहिला.

मोजण्याची साधने सुधारली तसे चित्र जास्त गुंतागुंतीचे झाले. वेल्समधल्या कार्डिफ येथे रॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तासातासाला दोन्ही नाकपुड्यांतला वारा मोजला. डावी-उजवी बाजू काटेकोरपणे उलटसुलट होते, असा कडक निकष लावल्यावर जेमतेम पाचव्या हिश्शाची माणसे त्यात बसली. बाकीच्यांत बदल होत होते. पण कुणात ते अनियमित, कुणात दोन्ही बाजूंना बरोबरच, तर कुणात एकाच बाजूला. म्हणजे चढउतार जवळजवळ सगळ्यांत आहे, पण तराजूसारखी नेमकी अदलाबदल थोड्यांतच दिसते. २०१६ साली इस्रायलमधील संशोधकांनी अंगावर बाळगता येईल असे छोटे यंत्र लावून दिवसरात्र नोंद घेतली. जागेपणी एक फेरा सरासरी दोन तासांच्या आसपास आणि झोपेत सुमारे साडेचार तासांचा भरला. पण ही सरासरी आहे. एकाच माणसाचा एक फेरा अर्ध्या तासात आटोपतो, तर दुसरा पाच-सहा तास रेंगाळतो. वय वाढते तशी ही लय मंदावते, असेही आढळले आहे.

थोडक्यात, नाकात घड्याळ आहे; पण ते स्टेशनवरच्या घड्याळासारखे नाही. समुद्राच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक छापता येते, नाकातल्या भरती-ओहोटीचे येत नाही.

पाळी कशासाठी?

एवढी खटपट शरीराने का करावी? दोन्ही दारे सदैव अर्धी उघडी ठेवली असती तर काय बिघडले असते?

त्यासाठी नाकाचे काम पाहायला हवे. प्रौढ माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरहून अधिक हवा आत घेतो. ती नागपूरच्या मे महिन्यातली कोरडी असो की महाबळेश्वरच्या डिसेंबरातली गार, नाकाच्या मागच्या टोकाला पोहोचेपर्यंत ती सुमारे ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त व्हावी लागते. हे पाणी आणि ही ऊब अस्तरच देते. त्याच वेळी अस्तरावरचा चिकट थर धूळ, परागकण आणि जंतू पकडतो. त्याखालचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून हा थर मिनिटाला पाच-सहा मिलिमीटर वेगाने घशाकडे ढकलत असतात. हे केस पातळ द्रवात बुडालेले असतील तरच वल्ही मारू शकतात. जोराचा वारा सतत वाहिला तर तो द्रव सुकतो आणि वल्ही अडकतात.

न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये संगणकावर नाकाचे गणिती प्रारूप मांडून हेच तपासले. मोकळ्या नाकपुडीत अस्तरावरचे पाणी वेगाने कमी होते आणि चोंदलेल्या बाजूला ते भरून निघते, असे त्यांना दिसले. एकाच विहिरीवर रात्रंदिवस मोट चालवली तर झरा पुरत नाही; दोन विहिरी असतील तर एकीचे पाणी उपसताना दुसरीला भरायला वेळ मिळतो. चोंदलेली नाकपुडी ही अशी भरणारी विहीर आहे. एकल्स यांनी त्याला आणखी एक जोड दिली. अस्तर फुगते आणि आकसते तेव्हा रक्तातला प्रतिपिंडयुक्त द्रव पिळल्यासारखा बाहेर झिरपतो आणि नाकाचा पृष्ठभाग धुऊन निघतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. तसे असेल तर ही अदलाबदल म्हणजे श्वासमार्गाच्या संरक्षणाचा एक पंपच ठरतो.

या पाळीचा एक फायदा अनपेक्षित आहे आणि तो वासाशी संबंधित आहे. १९९९ साली नोआम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काही गंधद्रव्ये नाकातल्या ओलाव्यात चटकन विरघळतात, तर काही सावकाश. चटकन विरघळणाऱ्या द्रव्याला संथ वारा मिळाला तर ते वाटेतच अडकते. ते आतपर्यंत पसरायला वेगवान वारा लागतो. सावकाश विरघळणाऱ्याला उलट संथ वारा मानवतो, कारण त्याला थांबायला वेळ मिळतो. संशोधकांनी पुदिन्याच्या वासाचे एक चटकन विरघळणारे द्रव्य आणि पेट्रोलच्या कुळातले एक सावकाश विरघळणारे द्रव्य यांचे एकच मिश्रण दोन नाकपुड्यांना वेगवेगळे हुंगायला दिले. मिश्रण तेच असूनही मोकळ्या नाकपुडीला त्यात पुदिना जास्त जाणवला आणि चोंदलेलीला दुसरे द्रव्य. दोन डोळ्यांना जग किंचित वेगळ्या कोनातून दिसते म्हणून आपल्याला खोली कळते. तसे दोन नाकपुड्यांना एकच गंध किंचित वेगळा येतो. दिवाळीच्या सकाळी उटणे, फोडणी आणि फटाक्यांचा धूर एकाच दमात येतात, तेव्हा जिला आपण बंद समजतो ती नाकपुडीही आपला वाटा उचलत असते.

चंद्रस्वर आणि सूर्यस्वर

कायझरने १८९५ साली लिहिले ते आपल्याकडच्या योग्यांना नवे नव्हते. डाव्या नाकपुडीचा श्वास इडा किंवा चंद्रस्वर, उजवीचा पिंगला किंवा सूर्यस्वर आणि दोन्ही समान वाहतात तो संधिकाळ सुषुम्नेचा, ही परिभाषा हठयोगाच्या परंपरेत रुळलेली आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनात इडा-पिंगळा येतात, त्या श्रोत्यांना ओळखीच्या आहेत असे गृहीत धरूनच. शिव-पार्वतीच्या संवादाच्या रूपातला ‘शिवस्वरोदय’ हा ग्रंथ तर पूर्णपणे या एकाच विषयाला वाहिलेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त हिंदुस्थानातल्या विद्यांची यादी केली, तेव्हा स्वरविद्येलाही त्यात जागा दिली. १८९० च्या सुमारास थिऑसॉफिस्ट रामप्रसाद यांनी ‘शिवस्वरोदय’ इंग्रजीत नेला.

म्हणजे निरीक्षणाचा मान निःसंशय इकडचा आहे. कोणतेही यंत्र नसताना, केवळ नाकाखाली बोट धरून, ही माणसे रोज आणि वर्षानुवर्षे नोंद करीत होती. पण निरीक्षण आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष यांत अंतर असते आणि या विषयात ते अंतर स्पष्टपणे मोजता येते.

‘शिवस्वरोदय’ सांगतो, की स्वर दर अडीच घटकांनी, म्हणजे बरोबर तासाने, बदलतो. शुक्ल प्रतिपदेपासून तीन दिवस सूर्योदयाला डावा स्वर, पुढचे तीन दिवस उजवा, आणि कृष्ण पक्षात याच्या उलट, असा क्रम तो देतो. स्थैर्याची आणि शांतीची कामे चंद्रस्वरात करावीत, भोजन आणि कष्टाची कामे सूर्यस्वरात करावीत. त्यापुढे युद्धाचा निकाल, गर्भातले मूल, मृत्यूची वेळ यांची भाकितेही स्वरावरून केली आहेत. यातला पहिला भाग, स्वर बदलतो हा, शंभर टक्के खरा आहे. ‘बरोबर तासाने’ हे मोजमापात टिकत नाही. तिथीशी ताळमेळ आधुनिक नोंदींत दिसत नाही. युद्धाच्या आणि मृत्यूच्या भाकितांना तर कसलाच आधार नाही.

मात्र काही सूचनांकडे जरा थांबून पाहावे लागते. त्यांतली एक मराठी घरात रोज पाळली जाते: वामकुक्षी. जेवण झाले की शतपावली करायची आणि मग डाव्या कुशीवर पडायचे. स्वरशास्त्राचे स्पष्टीकरण असे, की डाव्या कुशीवर झोपले की उजवा म्हणजे सूर्यस्वर सुरू होतो आणि जठराग्नी पेटतो.

याचा पूर्वार्ध तपासता येतो आणि तो खरा ठरतो. ज्या कुशीवर आपण झोपतो ती खालची नाकपुडी चोंदते, वरची मोकळी होते. गुरुत्वामुळे खालच्या बाजूला रक्त साठते हे एक कारण आहे. पण महत्त्वाचे कारण दुसरे आहे. काखेवर आणि बरगड्यांच्या बाजूवर दाब पडला की चेतातंतूंमार्फत त्याच बाजूचे नाक चोंदते आणि विरुद्ध बाजूचे उघडते. बसलेल्या माणसाच्या काखेत नुसती कुबडी दाबून धरली तरी हे घडते. साधूंच्या काखेतला योगदंड यासाठीच असतो. १९७० साली राव आणि पोतदार या संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या स्थितींत नाकातला वारा कसा बदलतो याची मोजमापे ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी’त प्रसिद्ध केली. त्याआधी लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत भोळे आणि करंबेळकर यांनी नाकपुड्यांच्या श्वसनावर काम करून ते १९६८ मध्ये ‘योगमीमांसा’त मांडले होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ही संस्था आणि हे नियतकालिक सुरू केले ते नेमके याच हेतूने, की योगातली विधाने प्रयोगाच्या टेबलावर ठेवून पाहावीत.

उत्तरार्धाचे काय? सूर्यस्वरामुळे अन्न पचते, असे दाखवता आलेले नाही. पण डाव्या कुशीवर पडणे जेवणानंतर खरोखरच हितकर असते. जठराचा मोठा फुगवटा डावीकडे आहे. डाव्या कुशीवर पडले की अन्ननलिकेचे जठराला मिळणारे तोंड वरच्या बाजूला राहते आणि आम्ल उलटे येत नाही. उजव्या कुशीवर ते जास्त येते. ज्यांना आंबट ढेकरा आणि छातीत जळजळ होते, त्यांना डॉक्टरही डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. सवय बरोबर आहे, नाकपुडी उघडते हेही बरोबर आहे. फक्त या दोहोंना जोडणारा धागा नाकातून न जाता पोटातून जातो. वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांचे काहीच चुकत नव्हते. त्यांनी सांगितलेले कारण तेवढे चुकीचे होते.

असाच सावधपणा आधुनिक दाव्यांबाबतही हवा. १९८३ साली अमेरिकेत वर्न्ट्झ, शॅनहॉफ-खालसा आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवून लिहिले, की ज्या नाकपुडीतून वारा जास्त, तिच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूत हालचाल जास्त. पुढच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. १९९४ मध्ये बंगळुरूच्या शर्ली टेलिस आणि सहकाऱ्यांनी महिनाभर ठरावीक नाकपुडीने प्राणायाम करणाऱ्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. उजव्या नाकपुडीच्या गटात तो ३७ टक्क्यांनी वाढला, हे वाक्य योगावरच्या पुस्तकांत पुष्कळ वेळा वाचायला मिळते. त्याच निबंधात पुढे लिहिले आहे, की डाव्या नाकपुडीच्या गटातही तो २४ टक्क्यांनी वाढला. उजवी तापवते आणि डावी निववते, या सोप्या समीकरणात हा दुसरा आकडा बसत नाही. म्हणून तो सहसा सांगितला जात नाही. अनुलोम-विलोमाने मन शांत होते हा पुष्कळांचा अनुभव आहे. पण संथ श्वासानेही मन शांत होते. त्यातले नाकपुडीचे श्रेय किती, हे वेगळे काढावे लागते.

बंद वाटणे आणि बंद असणे

हे सगळे जाणून घेण्याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध? माझ्यापुरते सांगायचे तर फार जवळचा.

नाक मोकळे आहे ही जाणीव आणि नाकातून प्रत्यक्ष जाणारा वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अस्तरातले गारवा टिपणारे चेतातंतू आत जाणारी हवा गार लागली की मेंदूला ‘वाट मोकळी आहे’ असे कळवतात. पुदिन्याच्या अर्कातले मेंथॉल याच तंतूंना चेतवते. सर्दीत छातीला आणि नाकाला बाम चोळल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते, तेव्हा कार्डिफच्या प्रयोगशाळेत मोजले असता नाकातला अडथळा होता तेवढाच राहिलेला दिसला. नाक उघडले नव्हते, उघडल्याची जाणीव तेवढी झाली होती. याची दुसरी, भीषण बाजू म्हणजे टर्बिनेट फार कापून टाकलेले रुग्ण. त्यांचे नाक आतून मोकळ्या बोगद्यासारखे असते आणि तरी त्यांना गुदमरल्यासारखे वाटते, कारण वारा जाणवून देणारे अस्तरच उरलेले नसते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी या अवस्थेला ‘रिकामे नाक’ अशा अर्थाचे नाव दिले.

नाकात टाकायच्या थेंबांची गोष्टही याच जातीची आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब शिरांना आकसायला लावतात आणि पाच-दहा मिनिटांत दोन्ही बाजू उघडतात. पाळी नसलेली नाकपुडीही उघडते, म्हणून फार बरे वाटते. पण असर ओसरला की अस्तर पहिल्यापेक्षा जास्त फुगते. मग पुन्हा थेंब. तीन ते पाच दिवसांच्या पुढे गेलेला माणूस थेंबांशिवाय झोपू शकत नाही अशा अवस्थेला पोहोचतो. मी दोन वर्षे उशाशी ती बाटली ठेवून झोपत होते. सुरुवातीला ज्या चोंदण्यावर मी औषध घेत होते, ते बहुतेक रात्रीचे नेहमीचे, कुशीगणिक बदलणारे चोंदणे असावे. पुढचे चोंदणे बाटलीने आणलेले होते.

स्कॅनची फिल्मही एका क्षणाची असते. त्या क्षणी डावीकडची भरती असेल तर डावीकडे सूज दिसणारच. जाणते तज्ज्ञ म्हणूनच नाकाची तपासणी करताना थेंब टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर असे दोनदा मोजमाप करतात. थेंबांनंतरही जो अडथळा उरतो तो हाडाचा किंवा पडद्याचा. जो नाहीसा होतो तो अस्तराचा.

आठ दिवसांची वही घेऊन मी पुन्हा गेले, तेव्हा त्या डॉक्टरांनी पाने उलटली आणि शस्त्रक्रियेऐवजी थेंब सोडवण्याचे वेळापत्रक लिहून दिले. आधी एका नाकपुडीतले थेंब बंद, मग दुसरीतले. पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. त्यानंतर नाक जसे पूर्वी होते तसे झाले, म्हणजे एका वेळी एकच बाजू मोकळी.

शस्त्रक्रिया नेहमीच अनावश्यक असते, असा याचा अर्थ नाही. एकच बाजू आठवडेच्या आठवडे बंद राहत असेल, ती कधीच पाळी बदलत नसेल, एका बाजूने रक्त किंवा दुर्गंधी स्राव येत असेल, वास येणे थांबले असेल, झोपेत श्वास अडून घाबरून जाग येत असेल, तर वही भरत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. पडदा फार वाकलेला असेल तर तो सरळ करून अनेकांना खरा आराम मिळतो. प्रश्न फक्त एवढाच आहे, की आपण नेमके कशावर उपचार मागतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावे. ‘बंद कुठली असते?’ या प्रश्नाला ‘कधी ही, कधी ती’ असे उत्तर असेल, तर ते उत्तरच पुष्कळ काही सांगून जाते.

थेंबांची बाटली आता घरात नाही. ताटली आहे. कधी रात्री एक बाजू चोंदली तर मी कूस बदलते आणि थोडी वाट पाहते. वरची नाकपुडी हळूहळू उघडत जाते, ते आता ओळखता येते.